बिऱ्हाड आणि पंचनामा

मराठीत ‘बिऱ्हाड’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळून गेले आहेत. बिऱ्हाड म्हणजे राहण्याची जागा, बहुधा तात्पुरती. आणि बिऱ्हाड म्हणजे त्या जागेत राहणारे कुटुंब, त्याच्या भांड्याकुंड्यांसकट. ‘वाड्यात चार बिऱ्हाडे आहेत’ असे म्हणताना आपण माणसे मोजत असतो. ‘बिऱ्हाड हलवले’ असे म्हणताना सामान डोळ्यांपुढे असते. माणूस, त्याची जागा आणि त्याच्या वस्तू यांना भाषेने एकाच शब्दात ठेवले, कारण वापरणाऱ्यांच्या अनुभवात या तिन्ही गोष्टी वेगळ्या नव्हत्या. शासनाच्या कागदावर मात्र त्या वेगळ्या होतात. तेथे घर हे बांधकाम असते, माणूस हा लाभार्थी असतो, आणि वस्तूंना बहुधा नावच नसते. या तिसऱ्या, निनावी राहिलेल्या गोष्टीविषयी आम्हांस येथे लिहायचे आहे.

विस्थापनावर मराठीत कमी लिहिले गेले आहे असे नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) गाढवांच्या पाठीवरचा कैकाडी संसार मराठी वाचकाच्या दारात आणून उभा केला. बेलदार समाजातून आलेल्या अशोक पवार यांच्या आत्मकथनाचे नावच ‘बिराड’ आहे. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ला १९९२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि धरणग्रस्त हा मराठी कादंबरीचा विषय म्हणून सर्वमान्य झाला. या साहित्यावर समीक्षाही भरपूर झाली. परंतु वर्षानुवर्षे ही पुस्तके वर्गात शिकवीत असताना आमच्या ध्यानात येत गेले ते असे की, समीक्षेचे सारे लक्ष जमीन, मोबदला आणि अन्याय या तीन शब्दांभोवती फिरते. निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्या घरात काय चालले होते, कोणती वस्तू बांधली, कोणती ठेवली, कोणती विकली आणि हे कोणी ठरवले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. तो आपल्याला घरगुती, म्हणून किरकोळ वाटतो. आमचे म्हणणे असे आहे की तो किरकोळ नाही. विस्थापनात नेमके काय हिरावले जाते, हे सांगणारा सर्वांत भरवशाचा पुरावा त्या बांधाबांधीतच असतो.

हे म्हणणे हवेत राहू नये म्हणून आमच्याच मुलखातले उदाहरण घेऊ. ताडोबा हे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य घोषित झाले. आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. या क्षेत्राच्या आत सहा गावे होती : बोटेझरी, कोलसा, जामणी, नवेगाव, पळसगाव आणि रानतळोधी. त्यांपैकी बोटेझरी आणि कोलसा गावाचा काही भाग २००७ साली मूल तालुक्यात भगवानपूर या नावाने नव्याने वसवला गेला. २०१३ मध्ये नवेगाव उठले, आणि त्यानंतर जामणी. जामणी आणि नवेगाव ही नावे आज पर्यटकांच्या तोंडी कुरणांची नावे म्हणून ऐकू येतात. जेथे घरे होती, शेते होती, तेथे गवत आले. गवतामागून चितळ आले आणि चितळांमागून वाघ. वनविभागाच्या दृष्टीने हे यश आहे, आणि वाघाच्या दृष्टीनेही आहे. ते आम्ही नाकारीत नाही.

कायद्याने हे स्थलांतर ऐच्छिक असायला हवे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीने आणि त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्याने तशी अट घातली आहे : आधी हक्कांची मान्यता, मग ग्रामसभेची माहितीपूर्वक संमती, मग पुनर्वसन. मोबदल्याची रक्कम २००८ साली प्रतिकुटुंब एक लाखावरून दहा लाख रुपये झाली आणि २०२१ मध्ये पंधरा लाख. कुटुंबापुढे दोन पर्याय ठेवले जातात. एक तर ही रक्कम घेऊन आपली सोय आपण पाहायची. नाही तर वनविभागाने वसवलेल्या जागी जायचे. दुसऱ्या पर्यायात रकमेची वाटणी २००८ च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवून दिली होती : शेतजमीन व तिचा विकास यांसाठी ३५ टक्के, हक्कांच्या निपटाऱ्यासाठी ३० टक्के, घराची जागा व बांधकाम यांसाठी २० टक्के, प्रोत्साहनपर ५ टक्के आणि रस्ता, पाणी, वीज, समाजमंदिर, देवस्थान, स्मशानभूमी अशा सामुदायिक सोयींसाठी १० टक्के. बेरीज बरोबर शंभर होते. या शंभरात घरातल्या सामानाची ओळ नाही. ते उचलून न्यायला मालमोटार मिळते, म्हणजे त्याचा प्रश्न संपला असे गृहीत धरलेले असते.

याच सूचनांत ‘कुटुंब’ कोणाला म्हणावे हेही सांगितले आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा, त्याचे लग्न झालेले असो वा नसो, स्वतंत्र कुटुंब धरला जातो. अठरा वर्षांवरील अविवाहित मुलगी वा बहीण, अपंग व्यक्ती, आईवडील गमावलेली अल्पवयीन मुले, विधवा आणि घटस्फोटिता यांनाही स्वतंत्र स्थान आहे. ही व्याख्या उदार आहे आणि तिच्यामागचा हेतू चांगला आहे. पण तिने एक विचित्र स्थिती निर्माण होते. आईवडील, दोन कर्ती मुले आणि एक लग्नाची मुलगी अशा घरात कागदावर चार कुटुंबे असतात आणि चूल असते एक. रक्कम चार ठिकाणी मोजली जाते. कणगी, जाते, देव आणि बैलजोडी मात्र एकच असते. बांधाबांधीला बसल्यावर पहिला प्रश्न येतो तो हाच : हे कोणाचे? एरवी ज्या घरात हा प्रश्न आणखी दहा वर्षे निघाला नसता, तेथे तो गाठोडी बांधताना निघतो. घराची वाटणी तहसीलदारापुढे होते असे आपण समजतो. ती अशा वेळी भांड्यांपाशी होते.

आता प्रत्यक्ष सामानाकडे वळू. शहरातल्या माणसाला घर आणि सामान यांतला फरक स्पष्ट असतो. घर मागे राहते, सामान बरोबर येते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातल्या गावात हा फरक इतका सरळ नाही, कारण तेथे घरही काही प्रमाणात सामानच असते. छपरावरची कवेलू एकेक करून उतरवता येतात. सागाचे खांब, आडवे वासे, दाराची चौकट, फळ्या, बांबू हे सारे सुटे करून बंडीवर रचता येते. भूसंपादन व पुनर्वसनाच्या २०१३ च्या कायद्याने हे ओळखलेले आहे. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात विस्थापित कुटुंबाला वाहतुकीसाठी पन्नास हजार रुपये देण्याची तरतूद आहे, आणि ती कशाकशाच्या वाहतुकीसाठी, तर कुटुंब, बांधकामाचे साहित्य, घरातल्या वस्तू आणि जनावरे. घराची लाकडे आणि गायीगुरे या कायद्याने एका ओळीत आणली, ही समज कौतुकास्पद आहे. अर्थात, गावातून निघालेले सागवान रस्त्यावर आले की परवान्याचा प्रश्न उभा राहतो. आजोबांच्या वेळेपासून घरात उभा असलेला खांब आडवा होताच लाकूडमाल ठरतो.

काही गोष्टी मुळी हलतच नाहीत. चूल मातीची, ती मोडूनच निघावे लागते. उखळ बहुधा जमिनीत पुरलेले. मुसळ बरोबर येते आणि उखळ मागे राहते. बांबूची विणून शेणामातीने लिंपलेली मोठी कणगी दाराहून रुंद असली तर ती बाहेर काढताना मोडते, आणि नव्या दोन खोल्यांच्या सिमेंटच्या घरात तिला जागाही नसते. धान ठेवायला मग पोती आणि पत्र्याची कोठी येते. यात कोणी फार हळहळत नाही. कोठीत उंदीर शिरत नाहीत हे बायकांना ठाऊक असते. आम्हांलाही कणगीसाठी गळा काढायचा नाही.

खरा प्रश्न तिसऱ्या प्रकारच्या वस्तूंचा आहे. त्या हलतात, नव्या घरी सुखरूप पोहोचतात, आणि पोहोचल्यावर निरुपयोगी होतात. मोह वेचायची टोपली घ्या. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात ती घेऊन घरातली माणसे झाडाखाली जातात. आपल्याकडच्या रानात अमुक मोह अमक्या घरचा, हे गावाने पिढ्यानपिढ्या मानलेले असते. झाड सातबाऱ्यावर नसते, पण दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी टोपली नेत नाही. फुले वाळवून ठेवली की ती पावसाळ्यापर्यंतची रोकड असते आणि अडीअडचणीचे अन्नही. पुढे त्याच झाडाचे बी येते, त्याचे तेल निघते. आता ही टोपली मालमोटारीत चढते, पन्नास-साठ किलोमीटर लांब उतरते आणि नव्या घराच्या खुंटीला लागते. टोपली तीच आहे, एक काडी मोडलेली नाही. पण एप्रिल येतो तेव्हा ती घेऊन कोठे जायचे? मासे धरायची बांबूची सापळी, मध काढायची दोरी, तेंदूपत्त्याचे पुडे बांधायची बैठक, शेतातल्या मचाणाची शिडी, यांची गत वेगळी नाही. पंचनाम्याच्या भाषेत यांपैकी कशाचेही ‘नुकसान’ झालेले नसते.

नोकरदार माणसाच्या घर बदलण्याशी याची तुलना केली म्हणजे फरक स्पष्ट होतो. आमच्यासारख्यांची बदली होते, तेव्हा आम्हीही खोकी आणतो, पुस्तके बांधतो, काचेच्या भांड्यांत वर्तमानपत्रे कोंबतो आणि गडचिरोलीला जायचे म्हणून नातेवाइकांकडून सहानुभूती घेतो. १९८२ साली जिल्हा झाल्यापासून गडचिरोलीतील नेमणूक म्हणजे शिक्षा, असे मानण्याची नोकरशाहीत रीतच पडून गेली आहे. सरकारी नोकराला बदलीच्या वेळी सामानवाहतुकीचा खर्च मिळतो आणि त्याच्या पदाप्रमाणे किती वजनाचे सामान न्यावे हेही ठरलेले असते. म्हणजे अधिकाऱ्याच्या घरात वस्तू असतात, त्यांना वजन असते आणि त्या वाहून न्याव्या लागतात, हे शासन पूर्ण जाणते. त्याहून महत्त्वाचे असे की आमची प्रत्येक वस्तू नव्या गावी पहिल्या दिवसापासून काम करू लागते. शीतकपाटाला जो वीजखटका पुण्यात, तोच धानोऱ्यात. गॅसच्या शेगडीला तीच नळी. कपाटाला चार भिंती असल्या की पुरे. आमच्या वस्तूंना जागेची सवय नसते. रानातल्या घरातली प्रत्येक वस्तू मात्र घराबाहेरच्या कशाला तरी बांधलेली असते : एखाद्या झाडाला, नाल्याला, वाटेला, महिन्याला. ती उचलताना हा दुवा तुटतो आणि तो तुटल्याचा आवाज कोठेही नोंदला जात नाही. ‘हलवता येते’ आणि ‘नेता येते’ या दोन गोष्टी एक नाहीत, एवढे जरी पुनर्वसनाच्या धोरणाने मानले तरी पुष्कळ झाले.

देवांचेही तसेच. ताडोबा हे नाव ज्या तारूवरून आले असे सांगतात, तो लोककथेप्रमाणे वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख. तलावाकाठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौषात तेथे आदिवासींची जत्रा भरत आलेली आहे. घरातला देव फडक्यात बांधून नेता येतो; झाडाखालचा देव कसा न्यायचा? सामुदायिक सोयींच्या दहा टक्क्यांत देवस्थान आणि स्मशानभूमी यांची तरतूद आहे हे वर आलेच. नवे देऊळ बांधता येते, नवी स्मशानभूमीही आखता येते. परंतु भामरागडकडच्या माडियांत मेलेल्या माणसासाठी दगड उभा करण्याची चाल आहे. असा दगड बंडीत घालून नेण्याची वस्तू नव्हे. नव्या स्मशानभूमीत आपले कोणी नसते, ती भरायला वेळ लागतो. हे वाक्य कठोर वाटेल, पण गाव हे शेवटी असेच गाव होत असते.

बांधाबांधीतली एक वस्तू अशी की जिच्यावर मात्र कोणाचाच डोळा नसतो : बियाणे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्या निवडून जपल्या, पुन्हा पेरल्या आणि त्यांतून एचएमटी हा तांदूळ देशभर गेला. दीड-दोन एकरांचा हा शेतकरी २०१८ साली वारला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या उपेक्षेवर लिहिले. आम्हांला त्या गोष्टीतले निराळे मर्म जाणवते. त्या लोंब्या काही काळ एका घरात, एका पिशवीत, ‘हे टाकू नका’ एवढ्याच सांगण्यावर टिकून होत्या. त्या वर्षी त्या घराला घाईने उठावे लागले असते तर? गावोगावच्या घरांत अशा पिशव्या, भोपळ्याच्या तुंब्या, राखेत घोळलेली वालाची आणि तुरीची बियाणी असतात. नव्या जागेची जमीन निराळी, पाण्याची सोय निराळी. पहिल्या वर्षी बाजारचे बियाणे आणले जाते आणि जुनी पिशवी एखाद्या पावसाळ्यात किडते. तिची किंमत शून्य लिहिलेली असते असेही नाही. ती लिहिलेलीच नसते.

या सर्व वस्तूंची माहिती कोणाला असते? घरातल्या बाईला. सभेत संमतीसाठी अंगठा वा सही बहुधा पुरुष करतो. मोजणीच्या वेळी अधिकाऱ्याशी बोलतो तोही तोच. घरात काय आहे, त्यातले काय कोणत्या महिन्यात लागते, कोणत्या वस्तूवाचून आठ दिवसही निभणार नाही, हे तिला विचारावे लागते; आणि ते विचारले जाते निघण्याच्या आदल्या दिवशी, ‘आवरलं का?’ एवढ्याच शब्दांत. आम्हांस वाटते, ग्रामसभेची संमती माहितीपूर्वक असावी असे कायदा म्हणतो, तेव्हा माहिती फक्त शासनाने गावाला द्यायची नसते. घराने स्वतःविषयी गोळा केलेली माहितीही तीत यायला हवी. आपण काय सोडतो आहोत हे पुरते न मोजता दिलेली संमती अर्धीच असते.

आमच्या या म्हणण्यावर दोन-तीन आक्षेप येतील, आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत.

पहिला असा की, रानातल्या लोकांना गाव हलवणे नवे नाही. हे खरे आहे. फिरती शेती करणारे माडिया जमीन थकली की वस्ती हलवीत. रोगराई आली, अपमृत्यू झाले तरी हलवीत. पण ते हलणे त्याच रानात, त्याच नाल्यांच्या पाण्यावर, ओळखीच्या झाडांमध्ये होत असे. टोपली जेथे जाई तेथे मोह होताच. म्हणून त्या हलण्यात बिऱ्हाड खरोखर पाठीवर असे. आजचे स्थलांतर रानातून रानाबाहेर होते, आणि फरक नेमका तेथे आहे.

दुसरा आक्षेप असा की, माणसे रिकाम्या हातांनी येऊनही उभी राहतात. याचाही दाखला आमच्याच मुलखात आहे. १९६० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवले गेले. मुलचेरा, चामोर्शी भागातली विवेकानंदपूर, सुंदरनगर अशी गावे त्यांनी उभी केली. थोड्या गाठोड्यांनिशी आलेली ही माणसे आज येथील शेती आणि मासळीचा बाजार यांत ठामपणे उभी आहेत. पण त्यांनी काय गमावले हे त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीलाही सांगता येते, ते त्यांनी ते बोलून ठेवले म्हणून. सहन करता आले, याचा अर्थ मोजायची गरज नव्हती असा होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे : लोकांनाच बाहेर पडायचे असते. शाळा नाही, पावसाळ्यात रस्ता नाही, रात्री-अपरात्री बाळंतिणीला न्यायला गाडी नाही, रानडुकरे पीक ठेवीत नाहीत आणि गुराख्याच्या जिवाची शाश्वती नाही. अशा गावात आम्ही स्वतः राहणार नाही, तेव्हा दुसऱ्याने राहावे असे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. तरुण मुलांना निघायचे असते आणि त्यांची निवड आम्ही मानतो. सामानाची यादी केली तर तीत मोबाइल संच, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, छत्रीच्या आकाराची दूरदर्शन-तबकडी हेही निघेल; निघावेच. आम्हांस संग्रहालय करायचे नाही. निघायचे की नाही हा गावाचा प्रश्न. परंतु काय घेऊन निघालो आणि काय ठेवून आलो, हे लिहिलेले असावे, एवढाच आमचा आग्रह आहे.

कारण जेथे खरोखरच वेळ नसतो अशा घटनाही आपण पाहिल्या आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर जमिनीत गडप झाले. खाली जुन्या कोळसा खाणीची पोकळी होती. आजूबाजूच्या घरांतल्या लोकांना तडकाफडकी बाहेर पडावे लागले. भामरागडला पर्लकोटेचे पाणी चढू लागले की दुकानदार आणि घरकरी रातोरात माल वरच्या जागी हलवतात. अशा वेळी माणूस हाताला लागेल ते उचलतो आणि त्याबद्दल कोणी कोणाला दोष देऊ शकत नाही. व्याघ्र प्रकल्पातले पुनर्वसन तसे नसते. पहिल्या बैठकीपासून शेवटच्या मालमोटारीपर्यंत त्यात वर्षे जातात. इतक्या वर्षांत मोजणीचे, मूल्यांकनाचे, बँकखात्याचे कागद तयार होतात. मग घरातल्या वस्तूंचा एक कागद तेवढा तयार होऊ नये, याला घाईचे कारण देता येत नाही.

आणि तो न केल्याचे परिणाम होतात. मेळघाटातून बाहेर वसवलेल्या गावांतली काही कुटुंबे पुन्हा रानात परतली आणि जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी परिसरात त्यांचा वनविभाग व पोलीस यांच्याशी संघर्ष झाला. दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. त्यामागे जमीन, पाणी, न मिळालेल्या सोयी अशी अनेक कारणे सांगितली गेली आणि ती महत्त्वाचीच आहेत. पण ज्या घरातल्या निम्म्या वस्तूंना नव्या जागी काम उरत नाही, त्या घरातल्या माणसांच्या हातांनाही काम उरत नाही, ही साधी गोष्ट आधी कळली असती तर मोबदल्याची बोलणी वेगळ्या प्रकारे झाली असती.

म्हणून आमची सूचना अशी. ज्या गावापुढे स्थलांतराचा प्रस्ताव येईल, तेथे संमतीच्या ठरावापूर्वी ग्रामसभेने चुलीगणिक यादी करावी. कुटुंबागणिक नव्हे, चुलीगणिक. ती घरातल्या बायकांनी सांगावी आणि शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्या त्याच गावच्या मुलामुलींनी लिहावी. प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी असाव्यात : तिचे घरात बोलले जाणारे नाव, मग ते गोंडी असो, माडिया असो वा झाडीबोलीतले, ती कोणत्या महिन्यात लागते, आणि ती घेऊन कोठे जावे लागते. हा तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. वनहक्क कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून घरे, विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे आणि वडीलधाऱ्यांची निवेदने मान्य आहेत. मग मोहाच्या टोपलीपुढे ‘अमक्या नाल्याच्या वरच्या अंगाची चार झाडे’ असे लिहिले गेले, तर तोही रानाच्या वापराचा पुरावाच नव्हे काय? शंभरातले जे तीस टक्के हक्कांच्या निपटाऱ्यासाठी ठेवले होते, ते हक्क नेमके कोणते हे सांगणारा याहून प्रामाणिक कागद आम्हांस सुचत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, तो गावाने आपले रान आणि आपला वापर आधी स्वतः अभ्यासून मांडल्यामुळे. ज्यांना राहायचे आहे त्यांना हा अभ्यास उपयोगी पडला. ज्यांना निघायचे आहे त्यांना तो त्याहून अधिक लागेल.

यात मराठीच्या अध्यापकांचे काम काय, असे कोणी विचारील. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाल्यापासून या दोन जिल्ह्यांतली महाविद्यालये एका विद्यापीठाखाली आली आहेत. आमच्या वर्गांत रानालगतच्या गावांतली मुले येतात आणि आम्ही त्यांना ‘विस्थापितांचे साहित्य : एक अभ्यास’ असले प्रकल्प लिहायला देतो; ती ग्रंथालयातल्या चार पुस्तकांवरून ते लिहूनही देतात. त्याऐवजी त्यांनी आपल्याच घरातल्या आईच्या, आजीच्या तोंडून एका खोलीतली यादी उतरवून आणली तर भाषेचा, समाजाचा आणि कायद्याचा असा तिहेरी अभ्यास होईल. झाडीबोलीतले आणि गोंडीतले वस्तूंचे शब्द वस्तूंबरोबरच जात आहेत. वस्तू निरुपयोगी झाली की तिचे नाव पहिल्यांदा विसरले जाते. कोशकाराला तो शब्द पुढे मिळाला तरी त्याला अर्थ सांगणारे कोणी सापडत नाही.

महसूल दप्तरात ओसाड गावासाठी दोन शब्द आहेत. एक ‘बेचिराख’. तो मुळात ‘बेचिराग’, म्हणजे जेथे दिवा लागत नाही असे गाव. मराठी कानाने त्यात राख ऐकली आणि अर्थ अधिकच दारुण केला. दुसरा आमच्या विदर्भातला, ‘रीठ’. चंद्रपूर जिल्ह्याच्या गावयादीत नावापुढे ‘रीठ’ लागलेली कितीतरी गावे आहेत : हद्द आहे, नकाशावर नाव आहे, वस्ती नाही. ती कधी आणि का उठली, जाताना माणसांनी काय नेले, हे आज कोणालाही सांगता येत नाही, कारण तेव्हा लिहिणारे कोणी नव्हते. आता लिहिणारे आहेत. त्या गावांतलीच मुले लिहिती झाली आहेत. पुढचे गाव उठायचेच असेल तर त्याची यादी पहिली बंडी भरण्याआधी पुरी झालेली असावी, आणि तिची एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात व एक त्या चुलीपाशी राहावी.